लोकबचाव वकील आणि वर्णन्याय : जेफ अदाची यांच्या कार्याचे स्वरूप

आरोपी निर्धन असला तरी गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात त्यास वकिलाचे साहाय्य मिळालेच पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली गिडियन विरुद्ध वेनराइट या खटल्यात सर्व राज्यांवर बंधनकारक केले. हे साहाय्य देण्याकरिता सरकारी वेतनावर नेमलेल्या वकिलास तेथे ‘पब्लिक डिफेंडर’ म्हणतात. मराठीत त्यास ‘लोकबचाव वकील’ म्हणावयास हरकत नाही. अशी पहिली कचेरी लॉस एंजेलिस येथे १९१४ साली निघाली. या वकिलाचे कर्तव्य एकेका अशिलापुरते असते. वर्णविषमता मात्र एका खटल्यात सामावणारी नव्हे. ती हजारो खटल्यांच्या बेरजेतूनच दृष्टीस पडते. मग एकेका आरोपीचा बचाव करणाऱ्याने या विषमतेशी झगडावे कसे? सॅन फ्रान्सिस्कोचे लोकबचाव वकील जेफ अदाची (१९५९–२०१९) यांचे कार्य या प्रश्नाचे एक उत्तर होय.

अदाची यांचा जन्म कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे एका जपानी वंशाच्या कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात केवळ वंशाच्या कारणावरून सुमारे १,२०,००० लोकांना स्थानबद्धतेच्या छावण्यांत डांबण्यात आले. त्यांत अदाची यांचे आईवडील व आजीआजोबाही होते. पुढे विद्यार्थिदशेत, खुनाच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या चोल सू ली या कोरियन तरुणाच्या सुटकेसाठी चाललेल्या चळवळीत ते सामील झाले. फेरसुनावणीत १९८२ साली ली निर्दोष ठरले. कायद्याचे शिक्षण झाल्यावर अदाची यांनी सुमारे पंधरा वर्षे साहाय्यक बचाव-वकील म्हणून काम केले, आणि २००२ सालच्या निवडणुकीत ते त्या कचेरीचे प्रमुख झाले. कॅलिफोर्नियात हे पद लोकमताने भरणारे स्थान सॅन फ्रान्सिस्को हेच एक आहे. त्यामुळे या पदावरील व्यक्तीस न्यायालयाबाहेरही जनतेपुढे बोलण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.

या क्षेत्रातील मुख्य अडचण पुराव्याची आहे. १९८७ साली मॅकक्लेस्की विरुद्ध केम्प या खटल्यात जॉर्जिया राज्यातील मृत्युदंडाविषयीचा एक विस्तृत सांख्यिकीय अभ्यास सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आला होता. बळी पडलेली व्यक्ती गोरी असल्यास देहान्ताची शिक्षा होण्याचा संभव वाढतो, असे त्यातून दिसत होते. तथापि, प्रस्तुत आरोपीच्या बाबतीत हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी देण्यात आला. हेतू तर मनात असतो; तो कागदावर क्वचितच उतरतो. परिणामी आकडे बोलत असूनही न्यायालयात ते अपुरे पडू लागले.

अदाची यांनी कचेरीत वर्णन्यायासाठी स्वतंत्र समिती स्थापन केली, आणि आपल्याच कचेरीच्या अभिलेखांची तपासणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील क्वाट्रोन केंद्राकडे सोपविली. २०११ ते २०१४ या काळातील दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांची प्रकरणे गोऱ्यांच्या तुलनेने अधिक काळ रेंगाळतात आणि त्यांचा शेवट अधिक गंभीर दोषसिद्धीत होतो, असे त्यात आढळले. परंतु त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष कारणासंबंधीचा होता. या तफावतीचा मोठा भाग अटकेच्या वेळी पोलिसांनी नोंदविलेल्या आरोपांशी आणि पूर्वीच्या गुन्हेनोंदींशी निगडित होता. आरंभी आरोप जड नोंदला गेला की जामीन, तडजोड व शिक्षा या साऱ्यांचे मोजमाप त्यावरूनच होते. म्हणजे पुढील टप्प्यांवरील प्रत्येक अधिकारी निःपक्षपाती असला, तरी आरंभीची विषमता शेवटपर्यंत वाहत जाऊ शकते.

जामिनाचा प्रश्नही याच साखळीतील दुवा होय. शेजाऱ्याच्या खोलीतून अत्तराची बाटली व पाच डॉलर नेल्याचा आरोप असलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीयास प्रथम ६,००,००० व नंतर ३,५०,००० डॉलरचा जामीन मागण्यात आला. अदाची यांच्या कचेरीने सहभागी होऊन लढविलेल्या या ‘हंफ्री’ प्रकरणात, आरोपीची ऐपत न पाहता जामिनाची रक्कम ठरविणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय अपील न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये दिला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये हेच तत्त्व मान्य केले.

हा अखेरचा निर्णय पाहावयास अदाची हयात नव्हते. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या जागी भारतीय वंशाचे मनोहर राजू यांची नेमणूक झाली. २०२० साली विधानसभा-सदस्य ॲश कालरा यांनी मांडलेला वर्णन्याय कायदा कॅलिफोर्नियात संमत झाला. भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची अट त्याने काढून टाकली आणि सांख्यिकीय पुराव्यास दार उघडले. मॅकक्लेस्कीने घातलेला अडसर निदान एका राज्यात अशा रीतीने दूर झाला. या कायद्याचे श्रेय कोणा एका व्यक्तीस देता येणार नाही. परंतु पुरावा मागणाऱ्या कायद्यास पुरावा पुरविणारी कचेरीही लागते. एका अशिलाची बाजू मांडत असतानाच सर्व अशिलांच्या नोंदी जपाव्यात, आणि त्या त्रयस्थ संशोधकापुढे निर्भयपणे ठेवाव्यात, हा अदाची यांच्या कार्याचा विशेष होय. न्यायशास्त्राच्या अभ्यासकास त्यांच्या कारकिर्दीतून घेण्यासारखे जे आहे, ते हेच.