खोटा-खोटा चहा

पाळणाघरांत नेहमी दिसणारा एक प्रसंग घेऊ. सव्वा वर्षाच्या मुलीसाठी तिचे आईबाबा स्वयंपाकघराचा सुरेख संच आणतात. इवलीशी शेगडी, इवलासा कुकर, बोटभर उंचीचे कप. पाळणाघरच्या काकू तो तिच्यापुढे मांडतात. मुलगी कुकर उचलते, तोंडात घालून पाहते आणि फरशीवर आपटते. आवाज छान येतो, म्हणून पुन्हा आपटते. दोन दिवसांत संच वरच्या फळीवर जातो. काकूंचे मत होते की हिला यात गोडी नाही. आईला वाटते, शेजारचा मुलगा तर केव्हाचा भातुकली खेळतो, मग आपली मुलगी मागे तर नाही ना?

त्याच दिवशी जेवणानंतर ती मुलगी रिकामी वाटी उचलून ओठांना लावते, पीत असल्यासारखा आवाज काढते आणि काकूंकडे बघून हसते. काकू वाटी घेतात व धुवायला टाकतात. आमच्या मते त्या दिवसातली खरी घटना ही होती. कुकर आपटणे हे त्या वयाचे वस्तू समजून घेणेच आहे, त्यात काळजीचे काही नाही. पण रिकाम्या वाटीतून 'पिणे' ही बुद्धीच्या वाढीतली एक नवी पायरी आहे. खेळणी केव्हा द्यावीत, ह्या प्रश्नाचे उत्तर डब्यावर छापलेल्या वयापेक्षा अशा खुणांत सापडते.

स्विस शास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात मुलगी जॅकलीन हिची सव्वा वर्षाच्या वयातली एक नोंद आहे. एका कापडाची झालर तिला आपल्या उशीसारखी दिसली. तिने ते कापड धरले, अंगठा तोंडात घातला, कुशीवर आडवी झाली आणि खूप हसू लागली. डोळे उघडेच होते, मधूनच ती ते मिचकावत होती. तिला झोप आली नव्हती आणि ते कापड उशी नाही, हेही तिला ठाऊक होते. हसण्यावरून ते कळते.

इथे एक कोडे आहे. एकदीड वर्षाचे मूल अजून खऱ्या वस्तूंचीच ओळख करून घेत असते. केळे खायचे असते, टेलिफोन कानाला लावायचा असतो. अशा वेळी कोणी केळे कानाला लावून 'हॅलो' म्हटले, तर मुलाच्या डोक्यात गोंधळ व्हायला हवा. तो होत नाही. ऍलन लेस्ली यांनी १९८७ साली हाच प्रश्न मांडला. त्यांचे म्हणणे असे, की मूल 'खरे' आणि 'खोटे-खोटे' यांचे दोन हिशेब मनात वेगवेगळे ठेवू शकते. त्यांनी वर्णन केलेला एक साधा प्रयोग वाचकांना घरीही करता येईल. दोन रिकामे कप घ्या. रिकाम्या बाटलीतून दोन्हींत खोटा-खोटा चहा ओता. मग एक कप उपडा करून झटका आणि जागेवर ठेवा. आता मुलाला विचारा, 'रिकामा कप कोणता?' दोन कपही कोरडेच आहेत, तरी साधारण दोन वर्षांचे मूल उपडा केलेला कप दाखवते. नसलेला चहा सांडला, हे त्याने लक्षात ठेवलेले असते!

क्रम महत्त्वाचा

हे सारे एकदम येत नाही. वर्षाच्या सुमारास मूल फणी डोक्याला लावते, चमचा तोंडाकडे नेते. ही वस्तूच्या उपयोगाची ओळख झाली. पुढच्या काही महिन्यांत रिकाम्या वाटीतून पिणे, डोळे मिटून झोपल्याचे सोंग करणे सुरू होते. म्हणजे सोंग स्वतःपुरते असते. त्यानंतर घास दुसऱ्याच्या तोंडाकडे वळतो. आधी काकूंच्या, मग बाहुलीच्या. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बाहुलीला भरवणे, थोपटणे बहुतेक मुलांत दिसू लागते. मात्र बाहुली स्वतः काही करत नाही, तिला सर्व केले जाते. दोन वर्षांनंतर बाहुली 'रडते', 'नको म्हणते', स्वतः चालते. त्याच सुमारास कृती एकामागोमाग जोडल्या जातात. भात शिजवायचा, वाढायचा, फुंकर मारायची, भरवायचे. 'तू डॉक्टर, मी आई' अशी वाटणी करून चाललेला खेळ बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे दिसतो.

ह्या वयांत दोनचार महिन्यांचा फरक अगदी सहज पडतो. क्रम मात्र बराचसा असाच राहतो, म्हणून काकूंनी मुलाच्या वयापेक्षा त्याची पायरी पाहावी. जे मूल अजून स्वतःच पिण्याचे सोंग करते आहे, त्याच्यासाठी बाहुली हे एक मऊ गाठोडे आहे. दोन महिने थांबले तर त्याच बाहुलीचे बाळ होईल.

खेळणे किती खऱ्यासारखे हवे?

ह्याबद्दल ग्रेटा फाइन यांचा १९७५ सालचा प्रयोग बोलका आहे. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना खेळण्यातल्या घोड्याला कपाने पाणी पाजायला सांगितले. घोडा घोड्यासारखा आणि कप कपासारखा होता, तेव्हा जवळजवळ सर्वांना ते जमले. दोहोंपैकी एकच वस्तू बदलून तिच्या जागी नुसता आकार किंवा भलतीच वस्तू दिली, तरी पुष्कळांनी निभावून नेले. दोन्ही बदलल्या, तेव्हा साधारण तिघांपैकी एकालाच जमले. लहान मुलाच्या कल्पनेला एक तरी ओळखीची खुंटी लागते. काठीचा घोडा होतो हे खरेच आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी खेळावरच्या विवेचनात हेच उदाहरण घेतले आहे. पण ते मोठ्या मुलांचे झाले. दीड वर्षाच्या मुलापुढे लाकडी ठोकळे टाकून 'ह्यांच्या चपात्या कर' म्हणणे म्हणजे त्याच्या दोन पायऱ्या पुढे जाणे होय.

दुसरी गोष्ट आकाराची. २००४ साली जुडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आधी खऱ्या खुर्चीवर, घसरगुंडीवर, आत बसता येईल अशा मोटारीत खेळू दिले. नंतर त्याच जागी हुबेहूब पण तळहाताएवढ्या प्रतिकृती ठेवल्या. जवळपास निम्म्या मुलांनी कधी ना कधी त्या इवल्या खुर्चीवर बसण्याचा किंवा मोटारीत पाय घालण्याचा मनापासून प्रयत्न केला! मोठ्यांना जे 'लहानांसाठी लहान' वाटते, ते लहानांना तसे वाटतेच असे नाही.

म्हणून आपली पारंपरिक पितळी भातुकली, तिचे सौंदर्य मान्य करूनही, आम्ही दोन वर्षांच्या मुलाच्या हाती देणार नाही. ती पाचसहा वर्षांच्या मुलांची आहे. लहानग्यांना घरातलीच वाटी, चमचा, स्टीलचा पेला, लहान पोळपाट-लाटणे, रिकामा डबा आणि जुना पंचा द्यावा. सावंतवाडीची लाकडी फळेही ह्या वयाला शोभतात, कारण त्यांतले केळे केळ्याएवढेच असते. फक्त रंगाचे पोपडे निघत नाहीत ना, ते पाहावे. अडीच वर्षांनंतर हळूहळू ठोकळे, खोकी, पाने, शंख वाढवत जावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातल्या वस्तूंतूनच साधने उभी केली होती. ती वाट खर्चाच्या दृष्टीनेही सोयीची आहे.

पाळणाघराला आणखी एक नियम लागू पडतो. प्रत्येक वस्तू निदान दोन हवी. ह्या वयाची मुले एकमेकांची नक्कल करून खेळतात, आणि एकच कढई असली की खेळाचे भांडण होते. दोन कढया दहा वेगवेगळ्या वस्तूंपेक्षा अधिक उपयोगी.

खेळण्यांहूनही मोठे साधन म्हणजे खेळगडी. मूल वाटी पुढे करते तेव्हा काकूंनी ती तोंडाला लावून 'अगं बाई, फारच गरम आहे!' म्हटले, तर खेळ एका कृतीवरून दोनतीन कृतींवर जातो. याला अर्धे मिनिट लागते. उलट 'आता बाहुलीला भरव, आता झोपव' असा हुकूम सुरू झाला की तो खेळ राहत नाही. पाळणाघरात चार वर्षांचे एखादे मूल असेल तर काकूंचे काम आणखी हलके होते. ते दुकानदार होते आणि दोन वर्षांचे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला नुसते हात पुढे केले तरी चालते. वयानुसार मुलांना वेगळ्या खोल्यांत बसवणाऱ्या संस्थांना ही संधी मिळत नाही.

अशा खेळाने मूल हुशार होते का? जाहिराती तसे सांगतात. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा सोंगाच्या खेळामुळेच बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. मारिया माँटेसरी यांचा तर कल खऱ्या कामाकडेच होता. मूल खरोखर शेंगा सोलायला मागत असेल, तर त्याला खोट्या शेंगा कशाला द्यायच्या? हा विचार आम्हाला पटतो. शेंगा सोलून झाल्यावर टरफलांची होडी करायला मात्र कोणी अडवू नये. मुले ती करतातच.

दोन सावधगिऱ्या

पहिली गिळण्याची. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्याने करतात. जी वस्तू वा तुटलेला भाग त्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो. चिंचोके, मणी, गोट्या, भातुकलीतल्या झाकण्या ह्यात येतात. बटणाएवढी बॅटरी तर गिळल्यावर अन्ननलिका जाळते. तशी शंका आल्यास लगेच रुग्णालय गाठावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा लाकडी खेळण्यावर चिन्ह नसले तर ते स्वतःच नीट तपासून घ्यावे.

दुसरी सावधगिरी कमी बोलली जाते. १९९२ साली ब्रिटनमध्ये दीड वर्षाच्या मुलांतील स्वमग्नतेची लवकर चाहूल लागावी म्हणून एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात मूल खेळण्यातल्या कपकिटलीने चहा करण्याचे सोंग करते का, असा एक प्रश्न आहे. पण तो एकटा नाही. मूल आपल्याला काही दाखवण्यासाठी बोट करते का, आपण बघतो तिकडे बघते का, हेही त्यासोबत पाहतात. दीड वर्षाचे मूल सोंग करत नाही, पण कावळा दिसला की बोट दाखवून काकूंकडे वळून पाहते, तर थोडे थांबायला हरकत नाही. ह्यांतले काहीच दिसत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळणेही नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये; कानांची तपासणीही करून घ्यावी. दिवसाचे आठदहा तास मुलाबरोबर असणाऱ्या काकूंना हे पालकांच्या आधी दिसण्याचा संभव असतो. पालकांना 'मूल मंद आहे' असे काही न सांगता, अमुक दिवशी अमुक केले, अमुक केले नाही, एवढेच लिहून द्यावे. डॉक्टरांना त्याच नोंदींचा उपयोग होतो.