मालक सरकार असेल तर?

परवडत नाही म्हणून किमान वेतन देत नाही, ही सबब मालकाला चालत नाही. केरळमधल्या कौल कारखानदारांच्या उनिचोयी खटल्यात, 1961 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले: किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते. तरी एका मालकाने स्वतःसाठी ही सूट पुनःपुन्हा कायद्यात लिहून घेतली. तो मालक म्हणजे सरकार. राजस्थानने 1964 मध्ये खास कायदा करून दुष्काळी कामे कामगार कायद्यांतून वगळली. पुढे 1981 मध्ये अजमेर जिल्ह्यात मदनगंज-हरमाडा रस्त्याचे काम निघाले. किमान वेतन तेव्हा सात रुपये रोज. पण दर पंधरवड्याला टोळीने केलेल्या कामाचे मोजमाप व्हायचे आणि निघालेली रक्कम हजेरीप्रमाणे वाटली जायची. टोळीचे काम कमी भरले, की दिवसभर राबणाऱ्या बाईच्या हातीही सात रुपये पडत नसत.

हे मदतकार्य आहे, मजुरीचा व्यवहार नव्हे, असा यावरचा युक्तिवाद. ऐकायला तो उदार वाटतो. पण दुष्काळग्रस्तांनी बांधला म्हणून रस्त्याची किंमत कमी होत नाही. याच रस्त्याच्या मजुरीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या संजित रॉय खटल्यात 1983 मध्ये न्या. भगवती यांनी अशा कमी मजुरीला राज्यघटनेच्या कलम 23 खालची वेठच ठरवले, न्या. पाठक कलम 14 च्या वाटेने त्याच निष्कर्षाला आले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पैसा ठरलेला, मजुरी वाढली की कामे घटणार. महाराष्ट्रात 1988 मध्ये रोजगार हमी योजनेची मजुरी जवळपास दुप्पट झाली, त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले, हे मार्टिन रॅव्हेलियन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मात्र कामे आखडणे हा तिजोरीचा निर्णय होता. हमी देऊन तरतूद न करणे ही सरकारची चूक. तिची भरपाई मजुराच्या रोजातून का? एवढे होऊनही 2005 च्या मनरेगा कायद्यात ‘किमान वेतन कायद्यात काहीही असले तरी’ मजुरी केंद्र ठरवील, असे कलम आलेच. कौलवाल्याला नाकारलेली सूट सरकारलाही नाकारली पाहिजे, आणि तीही आधी.