वारा पडला की...

चाकणच्या कारखान्यात वीस वर्षे काढलेल्या मला स्वस्थ बसणे ठाऊकच नाही! पवना धरणात वारा पडताच मी सुकाणू हलवू लागलो; होडी थिजलीच.

"अहो, सुकाणू वळवाल तेवढी होडी अडते," नौदलातून निवृत्त झालेले आमचे गुरुजी हसले. त्यांनी मला वाऱ्याच्या पलीकडल्या अंगाला बसवले. होडी कलली, शीड स्वतःच्या वजनाने पोट धरून राहिले आणि झुळूक त्यात मावली.

पण इथे किनारा वल्ह्याच्या टप्प्यात! दिलीप दोंद्यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. विषुववृत्त दोनदा ओलांडले. तिथल्या निर्वात पट्ट्यात लाटा मात्र असतात. शीड आपटून झिजते, कधी उतरवून वाटच पाहावी लागते.

हिवाळ्यात मला मुंबईहून गोव्याला जायचे आहे.

"वारा पडला तर?" सौ. विचारते.

"चकल्या जास्त बांध!"