रूळ उठल्यावर उरते ती वाट

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर जगभर सायकली धावू लागल्या. जालन्याला अशी वाट का मिळाली नाही, जवळपास कुठे होऊ शकते आणि तोवर जालनेकराने सायकल कुठे काढावी?

जालन्याहून सायकल घेऊन उत्तरेला निघालं, भोकरदन आणि सिल्लोड मागे टाकलं की अजिंठ्याचा घाट लागतो. घाट उतरून फर्दापूर आणि पुढे पहूर. पहूर हे पाचोरा–जामनेर छोट्या लाईनीवरचं स्टेशन. खानदेशात तिला ‘पीजे’ म्हणतात. पाचोरा, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जामनेर असा ५६ किलोमीटरचा हा मार्ग. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. युरोपात किंवा अमेरिकेत असा मार्ग बंद पडला असता, तर रूळ काढून तिथे सायकलवाट करा अशी मागणी पुढे आली असती. इथे मागणी वेगळी आहे. लोकांना गाडी हवी आहे, आणि ही लाईन ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचं ठरलंही आहे. विदर्भातल्या ‘शकुंतला’ या बंद पडलेल्या छोट्या गाडीचीही हीच कथा. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर पट्ट्यातल्या माणसाला त्या मार्गावर सायकल फिरवण्यापेक्षा शकुंतला पुन्हा सुरू होण्यात रस आहे.

हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय आपल्याकडच्या रेल्वे-सायकलवाटांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

सगळा खेळ चढाचा

सायकलस्वाराला रेल्वेची जागा एवढी प्रिय का? कारण इंजिनाला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घरंगळतं, पण चढावर तितक्याच सहज घसरतं. म्हणून रेल्वे बांधणारे टेकडी आली की ती कापतात, खोलगट आलं की भराव घालतात, ओढा आला की मोरी बांधतात. शंभराला एक, म्हणजे किलोमीटरला दहा मीटर, एवढा चढही मालगाडीला जड जातो. बोरघाटातला सदतिसाला एक हा चढ तर इतका अवघड, की १८६३ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावर गाडीला उलटी दिशा देणारं ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ ठेवावं लागलं. १९२९ मध्ये नवी आखणी झाली आणि ते बंद झालं.

आता हेच गणित सायकलवर मांडू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरा, वेग ताशी १५ किलोमीटर. शंभराला एक अशा चढावर नुसतं वर चढण्यासाठी साधारण ३३ वॉट ताकद लागते. विसाला एक अशा घाटरस्त्यावर त्याच वेगासाठी पाचपट, म्हणजे १६० वॉटच्या पुढे. पहिला चढ शाळकरी पोरगाही गप्पा मारत पार करेल, दुसऱ्यावर धडधाकट माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. इंजिनाच्या अशक्तपणामुळे झालेली ही सपाटी सायकलला आयती मिळते.

शिवाय भरावावर पाणी साचत नाही. जालन्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल घातलेल्यांना याची किंमत कळेल. चिखल मडगार्डात असा गच्च बसतो की चाक फिरायचंच थांबतं. मुरमाच्या उंच भरावावर तो त्रास नाही. अडचण एकच, रुळाखालची मोठी खडी. तिच्यावर सायकल चालत नाही. ती उचलून मुरूम आणि कच दाबून बसवावी लागते.

एलरॉय ते ओटागो

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोटारी आणि ट्रकांनी रेल्वेचं गिऱ्हाईक पळवलं. हजारो मैलांचे फाटे बंद पडले. विस्कॉन्सिन राज्याने १९६५ मध्ये एलरॉय ते स्पार्टा हा असाच एक मार्ग विकत घेतला आणि १९६७ मध्ये तीन बोगद्यांसह तो सायकलींना खुला केला. पुढची खरी कमाल कायद्याने केली. १९८३ च्या दुरुस्तीनुसार, उद्या रेल्वे परत लागेल या बोलीवर बंद मार्ग अखंड राखायचा आणि तोवर तो वाट म्हणून वापरायचा, अशी सोय झाली. तुकडे पडून जमीन विकली गेली की ती पुन्हा जोडता येत नाही, हे ओळखून केलेला हा कायदा.

ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर छोटे मार्ग धडाधड बंद झाले. त्यातल्या ब्रिस्टल ते बाथ या मार्गावर सायकलप्रेमींनी १९७९ पासून स्वतः राबून वाट तयार केली. आज तिच्यावरून लोक रोज कामाला जातात. स्पेनने १९९३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. न्यूझीलंडमधला मध्य ओटागोचा रेल्वेमार्ग १९९० मध्ये बंद पडला आणि २००० मध्ये त्याची १५२ किलोमीटरची सायकलवाट झाली. ओस पडत चाललेल्या तिथल्या गावांत सायकलस्वारांसाठी खाणावळी आणि मुक्कामाच्या खोल्या उघडल्या.

जालन्याची लाईन मेली नाही, रुंदावली

जालन्यात रेल्वे आली ती निजामाच्या काळात. मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद–गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग विसावं शतक उजाडताना पुरा झाला. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर, सातोना ही आजच्या जिल्ह्यातली स्टेशनं त्याच्यावरची. मीटरगेजवरची अजंता एक्सप्रेस जुन्या लोकांना अजून आठवते. १९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याची मोहीम निघाली आणि त्या दशकात त्याचा जालन्याकडचा भाग ब्रॉडगेज झाला. एक मीटरच्या जागी १,६७६ मिलिमीटरचं अंतर आलं, पण रूळ बहुतेक ठिकाणी जुन्याच जागेवर बसले. आज तिथून वंदे भारत धावते. त्यामुळे जालना जिल्ह्यात सायकलीसाठी सुटलेला असा लांब पट्टा उरला नाही, आणि तक्रार करण्यासारखंही त्यात काही नाही.

पट्टा सुटतो तो मार्ग वळवला तर. बार्शी लाईट रेल्वेचं तसं झालं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या कल्पनेतून १८९७ मध्ये सुरू झालेली ही छोटी लाईन १९११ मध्ये लातूरला पोचली. येडशीहून ती रामलिंगच्या घाटाने बार्शीकडे उतरायची, धाराशिव शहर बाजूलाच राहायचं. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिववरून नेला आणि घाटातला जुना तुकडा मागे राहिला. रामलिंगचं देवस्थान, बालाघाटाची झाडी, छोट्या लाईनीचा सौम्य उतार. मराठवाड्यात रेल्वेची सायकलवाट करायचीच, तर पहिला विचार या जागेचा व्हावा. मात्र हा भाग अभयारण्याचा आहे. वनखात्याशी बोलून, दिवसाच्या वेळा आणि संख्या ठरवूनच ते करावं लागेल.

काही ठिकाणी वाट न करणं हेच शहाणपण. अकोट–खंडवा मीटरगेज मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जायची. धूळघाटला ती गिरकी घेऊन स्वतःच्याच रुळांवरून वर चढायची. गाडी २०१७ मध्ये थांबली. सायकलस्वाराला मोह पडेल अशी ती जागा, पण वाघाच्या जंगलातून एक वर्दळ हटल्यावर दुसरी आणण्यात काय हशील?

जमीन कोणाची?

रूळ उठले म्हणून जमीन गावाची होत नाही, ती रेल्वेचीच राहते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चालू मार्गाच्या कडेने सायकल दामटणं तर जिवाशी खेळ आहे. रिकाम्या जमिनीतून उत्पन्न मिळवण्यासाठी रेल्वेचं स्वतंत्र प्राधिकरण आहे. मोक्याचा तुकडा भाड्याने जातो, आडबाजूच्या तुकड्यावर हळूहळू शेत, उकिरडा आणि टपरी सरकते. एक जागा गेली की सलग वाट संपली. अमेरिकेतल्या त्या कायद्यासारखी तरतूद इथे हवी ती यासाठी. मालकी रेल्वेची, वापर लोकांचा, आणि गाडी परत आली तर सायकलने बाजूला व्हायचं.

तोवर पाटाने चला

जालनेकराला रुळांची सपाटी अनुभवायची असेल तर जिल्ह्यातच सोय आहे. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणीकडे जातो. लांबी २०८ किलोमीटर. पाणी आपल्या वजनाने पुढे सरकायचं, म्हणून त्याचा उतार रेल्वेपेक्षाही कितीतरी कमी. कडेचा देखभालीचा रस्ता समपातळीत शेताशिवारातून वळत जातो. काही ठिकाणी तो चांगला आहे, काही ठिकाणी खचलेला, काही ठिकाणी वेड्या बाभळीने अडवलेला. हिवाळ्यात जा, सकाळी लवकर. पंक्चरचं सामान दोन चाकांपुरतं घ्या, बाभळीचा काटा कुणाची गय करत नाही. कारखाने सुरू असताना उसाच्या ट्रॉल्यांना वाट द्या. रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे, तेव्हा गटाने जाणार असाल तर आधी विचारून घ्या.

दुसरी संधी अजून कागदावर आहे. जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. नवा मार्ग बांधताना कडेने कामाचा रस्ता करावाच लागतो. काम संपल्यावर तो मोडू न देता, कुंपणाबाहेर, सायकल आणि पायी माणसांसाठी ठेवायचा एवढं आखणीतच लिहून घेता येईल. अजिंठ्याच्या डोंगरात ते जमणार नाही, पण भोकरदनच्या पठारावर जमण्यासारखं आहे.

याचा पहिला लाभ पर्यटकांना होणार नाही. मानव विकास कार्यक्रमातून जालन्यातल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात आणि त्या डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या वाऱ्यात चालवाव्या लागतात. गाव ते शाळा एवढी पाच किलोमीटरची वाट सुरक्षित झाली, तरी बेत वसूल. त्यासाठी ग्रामसभांचे ठराव आणि लोकप्रतिनिधींची पत्रं भूसंपादनाच्या आधी जायला हवीत. एकदा मोजणीचे खुंट ठोकले गेले, की वाढीव दोन मीटर मागणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.