बँक स्टेटमेंट कन्व्हर्ट करायचंय? आधी पानं मोजा, मग पैसे भरा

घरून अकाउंटिंगची कामं घेणाऱ्या एका ताईंनी परवा विचारलं, "सर, पीडीएफ स्टेटमेंटचं एक्सेल करून देणारं सॉफ्टवेअर महिन्याच्या प्लॅनवर घेऊ, की क्रेडिट्स घेऊ?" ग्राहक त्यांच्याकडे तीन. मी म्हटलं, ताई, वर्षाला पानं किती येतात? ते त्यांनी मोजलंच नव्हतं.

क्रेडिट्स म्हणजे मोबाइलच्या रिचार्जसारखं. आगाऊ पैसे भरायचे, जेवढी पानं कन्व्हर्ट होतील तेवढे क्रेडिट्स कापले जातात. समजा, प्लॅन महिना 1,000 रुपये आणि क्रेडिटचा दर पानाला 3 रुपये. म्हणजे महिन्याला 333 पानांच्या वर काम असेल तरच प्लॅन परवडतो. ताईंची पानं मोजली, वर्षाची 900 निघाली. क्रेडिट्सने 2,700, प्लॅनने 12,000! वर 18 टक्के जीएसटी. तुमची नोंदणी नसेल तर तोही खर्चातच धरा. शिवाय आपलं काम बारा महिने सारखं नसतं. रिटर्नच्या दिवसांत जेवायला फुरसत नाही, नंतर दोन महिने शांतता. प्लॅनचे पैसे शांततेतही कापले जातात.

पण क्रेडिट्स घेतानाही डोळे उघडे ठेवा. त्यांना मुदत आहे का? नियम-अटी छापलेलं शेवटचं पानही मोजतात का? कन्व्हर्जन फसलं तरी क्रेडिट जातं का? हे आधी विचारा, आणि फुकट ट्रायलला तुमचं सगळ्यात अवघड स्टेटमेंट टाका. चहाच्या गाडीवाल्याचं घ्या ना! दहा-वीस रुपयांच्या यूपीआय नोंदी, पानंच्या पानं, एकेका नोंदीचं वर्णन तीन ओळींत मोडलेलं. तिथे टिकलं तर घ्या.

आलेलं एक्सेल तसंच टॅलीत ढकलू नका हं. सुरुवातीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे. उत्तर शेवटच्या शिल्लकेशी पैशापर्यंत जुळलं पाहिजे. तारखाही बघा. 04/05 म्हणजे आपली 4 मे, सॉफ्टवेअर कधीकधी 5 एप्रिल करून ठेवतं आणि बेरीज मात्र जुळलेलीच दिसते. चूक सापडते ती थेट ग्राहकाच्या रिटर्नमध्ये, आणि मग तो ग्राहक पुन्हा येत नाही.

अजून एक. स्टेटमेंट दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातंय, म्हणून ग्राहकाची परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. काम झाल्यावर फाइल तिथून डिलीट करता येते का, तेही तपासा.

आणि हे मी ताईंना सगळ्यात शेवटी विचारलं, खरं तर पहिलं विचारायला हवं होतं: ग्राहकांना नेटबँकिंग आहे का? बऱ्याच बँका तिथून एक्सेलमध्येच स्टेटमेंट देतात, फुकट. तिघांपैकी दोघांनी त्याच संध्याकाळी डाउनलोड करून पाठवलं. उरला चहाच्या गाडीवाला, शाखेतून छापील स्टेटमेंट आणणारा. ताईंनी त्याच्यापुरता सगळ्यात लहान क्रेडिट पॅक घेतला आणि पानामागचे 3 रुपये त्याच्या बिलात धरले.