नावावर जाऊ नका राव!

कादंबरी उचलताना आपण आधी काय बघतो? नाव! मग कव्हर, मग जाडी, मग किंमत. आणि इथेच आपली विकेट पडते. मराठी कादंबऱ्यांची नावं एक नंबरची गुगली असतात. हल्ली वाचलेल्या आणि पुन्हा वाचलेल्या कादंबऱ्यांचा हा फटाफट पंचनामा. प्रेम, भय, रहस्य, विज्ञान, इतिहास, सगळा माल एकाच टोपलीत. फॅक्ट्स पक्के, मतं मात्र माझी. भांडायला मोकळीक आहे!

माहीत आहे का, 'रणांगण'मध्ये रणांगण कुठेच नाही? आहे ती एक बोट. युरोपातून मुंबईकडे निघालेली, हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून पळालेल्या ज्यू माणसांनी भरलेली. त्या बोटीवर एक मराठी तरुण आणि हॅर्टा नावाची जर्मन ज्यू मुलगी. नायकाचं आडनाव काय असावं? विध्वंस! चक्रधर विध्वंस. कादंबरी छापली गेली १९३९ साली, म्हणजे ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षी. आज आपण जिला होलोकॉस्ट लिटरेचर म्हणतो, तिच्या वाटेवर एक मराठी लेखक इतक्या लवकर चालून गेला होता आणि आपण मात्र 'प्रेमकथा आहे' म्हणून ती कपाटात सरकवून ठेवली.

पुढचा धक्का. विश्राम बेडेकरांची ही पहिली कादंबरी. आणि शेवटचीही! नंतर नाटकं झाली, सिनेमे झाले, 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला साहित्य अकादमी मिळालं. दुसरी कादंबरी मात्र नाहीच. एकच बॉल टाकला, तिन्ही स्टंप उडवले आणि माणूस पॅव्हेलियनमध्ये. माझा निकाल: मराठीतल्या टॉप तीनमध्ये. पानं इतकी थोडी की एका रात्रीत संपते. झोपेचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

थांबा, याच घरातली आणखी एक गंमत. बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई म्हणजे त्या विभावरी शिरूरकर! १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'ने महाराष्ट्रात खळबळ उडवली तेव्हा ही 'विभावरी' नक्की कोण, याचाच लोक शोध घेत होते. पहिली अफाट चर्चा पुस्तकाची आणि दुसरी लेखिकेच्या पत्त्याची. आजचे निनावी इन्स्टा अकाउंटवाले अजून बालवाडीत आहेत.

टोपणनावावरून आठवलं. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत भाग घेतला तो 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना.! आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक वाकू नयेत, ही काळजी. 'कृष्णविवर' ही कथा बक्षीस घेऊन गेली, ते वेगळं सांगायला नकोच. त्यांची 'वामन परत न आला' मी नव्याने वाचली. जमिनीखाली सापडतो एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा आणि त्यातल्या माहितीवरून उभा राहतो यंत्रमानव. एआयच्या गदारोळात वाचाल तर घशाला कोरड पडेल. तक्रार एकच. माणसं अधूनमधून लेक्चर देतात. पण काय करणार, सरांचीच माणसं ती!

आता भुतं. सॉरी, 'तुंबाडचे खोत'. २०१८ चा 'तुंबाड' सिनेमा बघून ज्यांनी हे पुस्तक मागवलं, त्यांचा चेहरा मला बघायचाय. सिनेमाला नाव मिळालं ते या कादंबरीवरून. सिनेमातला राक्षस हस्तर मात्र इथे सापडणार नाही! श्री. ना. पेंडशांनी १९८७ साली दोन जाडजूड खंडांत मांडलीय जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट. राक्षस एकही नाही, हाव आणि हट्ट मात्र पोत्याने. खोत मंडळी बघता भूत परवडलं. पहिल्या खंडात नात्यांचा गुंता सुटेपर्यंत थोडा धीर धरा, पुढे पुस्तक तुम्हाला सोडत नाही.

मग खरी भीती हवी असेल तर? नारायण धारप! 'तुंबाड' सिनेमातल्या भयाची मुळं त्यांच्याच कथेकडे जातात. माहीत आहे का, धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे? अमेरिकेतला व्हॅम्पायर मराठी गावात आला आणि इथलाच होऊन गेला. मी ती दिवसा वाचली. हो, दिवसा. लाजायचं काय त्यात?

रहस्यकथांचा रेकॉर्ड कोणाचा? बाबुराव अर्नाळकर. पुस्तकं हजाराहून जास्त! झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे सुपरहिरो. आणि रहस्य लेखकाच्या नावातही: 'बाबुराव अर्नाळकर' हे खरं नाव नव्हेच. ते होते चंद्रकांत सखाराम चव्हाण. आज वाचताना प्लॉट दोन मैलांवरून ओळखता येतो, हे खरं. वेग मात्र असा की चहा गार होतो. दोन तासांत खल्लास आणि तक्रार शून्य.

इथे वेगाने एक उडी. सुहास शिरवळकर! दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी असे एकाहून एक हीरो पळवणारा हा माणूस १९८२ मध्ये 'दुनियादारी' लिहून गेला. पुण्याच्या कॉलेजचा कट्टा, मैत्री, प्रेम आणि भरपूर हाणामारी. सिनेमा आला २०१३ मध्ये. शिरवळकर गेले २००३ मध्ये. थिएटरातल्या त्या शिट्ट्या त्यांच्या वाट्याला आल्याच नाहीत. सिनेमा आवडलेल्यांना एवढंच सांगतो: पुस्तक जास्त कडू आहे आणि म्हणूनच जास्त चांगलं.

कट्ट्यावरून थेट वर्गात. मिलिंद बोकिलांची 'शाळा' मुलांसाठी आहे असं समजून भाच्याला वाढदिवसाला देऊ नका. की द्याच? २००४ मध्ये आलेल्या या कादंबरीत नववीतलं पहिलं प्रेम आहे आणि मागे आणीबाणी खदखदतेय. मुकुंद जोशीच्या डोक्यात मात्र फक्त शिरोडकर. देश बंद, मन चालू! बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक, पण कुठेही अभ्यास दाखवत नाहीत. फुल मार्क्स.

गणितात कच्चे आहात? मग किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' तुमचीच. सात सक्कं बेचाळीस हे पाढेवाल्यांनी स्वतःजवळ ठेवावं. १९७४ ची ही कादंबरी अशी तुकड्यातुकड्यांत उड्या मारते की बुकमार्कलाही गरगरतं. पहिल्यांदा वाचाल तर अर्धी डोक्यावरून जाईल, उरलेली अर्धी डोक्यातून जाणार नाही. नगरकर पुढे इंग्रजीकडे वळले आणि 'ककोल्ड'साठी २००० सालचं साहित्य अकादमी घेऊन आले. मीराबाईच्या नवऱ्याच्या बाजूने लिहायचं सुचलं कुणाला? या आपल्या मुंबईकराला!

कोण बोलतंय, हाही एक मस्त खेळ. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्णही बोलतात. सहा आवाज! 'ययाति'त तीन. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये दोन: भाऊ आणि बहीण, दोघेही घरात राहायला आलेल्या एकाच पाहुण्याच्या प्रेमात. (नेटफ्लिक्सवरचा सिनेमाही लेखकानेच केला आणि पुण्यातलं घर उचलून केरळात नेलं. पुस्तकातलं घर माझ्या जास्त जवळचं.) आणि पु. शि. रेग्यांच्या 'सावित्री'त आवाज एकच. नुसती सावित्रीची पत्रं. समोरच्याचं एकही उत्तर नाही! ब्लू टिक दिसते, रिप्लाय नाही, असं १९६२ चं प्रकरण. लिहिणारा कोण, तर अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा प्रिन्सिपॉल. इकॉनॉमीवाला माणूस, शब्दांत काटकसर करणारच की. माझ्या यादीतली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात हट्टी कादंबरी हीच.

सुपरफास्ट लेखन हवंय? 'कोसला' जेमतेम पंधरा-सोळा दिवसांत लिहून झाली. भालचंद्र नेमाड्यांचं वय तेव्हा पंचवीस. साल १९६३. साने गुरुजी तर त्याहून पुढे: 'श्यामची आई'चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत उतरला. रडवायला पाच दिवस पुरेत! 'कोसला'बद्दल मात्र मी जरा अल्पमतात आहे. पहिली शंभर पानं धमाल, धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग तर जीवघेणा. नंतरचं नायक सांगवीकरांचं कंटाळणं कधीकधी वाचकालाही लागण करतं. नेमाडपंथी मंडळी, दगड हळू मारा.

आणि हो, तिशीच्या आतले धुरंधर मोजा. 'मृत्युंजय' छापली गेली तेव्हा कोल्हापुरातले शिक्षक शिवाजी सावंत सत्तावीस वर्षांचे होते. १९८८ मध्ये 'पानिपत' आली तेव्हा विश्वास पाटलांनीही तिशी गाठली नव्हती. तुम्ही तिशीत काय करत होता? राहू द्या. मीही सांगत नाही.

आता जरा ब्रेक लावा. धरणं. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांवर, साहित्य अकादमी १९९२. कृष्णात खोतांची 'रिंगाण' पुन्हा धरणग्रस्तांवर, साहित्य अकादमी २०२३. मध्ये तीन दशकं गेली, पाणी तिथंच! 'रिंगाण'मध्ये उठलेल्या गावामागे राहिलेल्या, रानटी होत गेलेल्या म्हशी आहेत आणि त्यांच्या शोधात निघालेला माणूस आहे. बोली आडवी येईल, पहिली वीस पानं मोठ्याने वाचा. नंतर कान आपोआप लागतो. गेल्या काही वर्षांतली माझी सर्वात आवडती मराठी कादंबरी हीच, आणि म्हैस हे मराठी साहित्यातलं सर्वात दुर्लक्षित पात्र आहे, यावर मी ठाम आहे.

पहिली मराठी कादंबरी कुठली, हे क्विझला विचारतात. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', साल १८५७. तिकडे देशात बंडाचा वणवा आणि इकडे पुस्तकात विधवांच्या हालांची कैफियत. बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' यायला अजून आठ वर्षं होती! वाचायला खडबडीत, उपदेश ढीगभर. तरी पहिलाच घास गोडगोड रोमान्सचा नव्हता, याचा मला फार अभिमान आहे.

शेवटचा नंबर नंदा खरे यांचा. नाव ऐकून 'ताई' म्हणू नका, ते अनंत यशवंत खरे, पेशाने सिव्हिल इंजिनिअर! त्यांची 'उद्या' २०१४ मध्ये आली. नजर ठेवणारी यंत्रं, माणसाचा डेटा, बाजाराच्या मुठीतलं आयुष्य, सगळं तेव्हाच लिहून ठेवलेलं. २०२० चं साहित्य अकादमी जाहीर झालं आणि खरे यांनी ते नम्रपणे नाकारलं. समाजाने आपल्याला भरपूर दिलंय, आता पुरस्कार नकोत, हे कारण. कादंबरी सोपी नाही, तुकडे जोडत बसावं लागतं, पण जोडलेत की मोबाईल उलटा करून ठेवाल. तेव्हा जवळच्या लायब्ररीत जा आणि काउंटरवर विचारा, "उद्या आहे का?" "उद्या सुट्टी आहे" असं उत्तर आलं तरी हटू नका. लेखकाचं नाव सांगा.