नव्या उपनगरांत घर घेतांना

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती प्रचारांत आली त्या काळीं घर बांधणारा आणि त्यांत राहणारा हा बहुधा एकच मनुष्य असे. पायासाठीं खणलेल्या मातीचा रंग त्यानें पाहिलेला असे, विहिरीला किती हातांवर पाणी लागलें हें त्याला ठाऊक असे, आणि गवंड्यानें कोठें कसर केली हेंही त्याच्या नजरेंतून सुटत नसे. आज ती स्थिति राहिलेली नाहीं. घर एक जण बांधतो, दुसरा विकतो आणि त्यासाठीं कर्ज तिसरा देतो. आपण शेवटीं किल्ली घेण्यापुरते जातों. त्यामुळें म्हणींतला तो अनुभव आतां आयता मिळत नाहीं. तो पाहून, विचारून आणि थोडें थांबून मिळवावा लागतो. कसा मिळवावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

हा प्रश्न हल्लीं किती कुटुंबांपुढें उभा आहे हें निराळें सांगावयास नको. मुलगा आणि सून पुण्यास नोकरीला लागतात, नातवंडांची शाळा तेथेंच सुरू होते, आणि सातारा, वाई, मिरज, सोलापूर अशा गांवीं राहिलेल्या आईवडिलांनीं आतां तिकडेच यावें असें ठरतें. शहराच्या मध्यभागीं जागा घेणें बहुतेकांच्या आवांक्याबाहेरचें असतें. म्हणून वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी, नऱ्हे अशा वाढत्या भागांतील नव्या इमारतींकडे दृष्टि वळते आणि त्यासाठीं गांवचा वाडा किंवा त्यांतला आपला हिस्सा विकला जातो. पगार दर महिन्यास येतो. वाडा विकून आलेला पैसा मात्र कुटुंबांत एकदांच येतो. तो चुकीच्या जागीं पडला, तर परत फिरावयास वाडाही उरलेला नसतो. एवढी मोठी गोष्ट पुष्कळदां एका रविवारच्या दुपारीं ठरते, हें मला चमत्कारिक वाटतें.

त्या दुपारीं आपण काय पाहतों? विकासकानें सजविलेली नमुन्याची सदनिका. तेथें पलंग नेहमींहून अंमळ आंखूड असला तरी लक्षांत येत नाहीं, दिवे भर दुपारीं लावलेले असतात, आणि खिडकींतून दिसणाऱ्या मोकळ्या जागेवर उद्यां काय उभें राहणार हें कोणी सांगत नाहीं. मंडळी परत येतात तीं दोन प्रश्नांची चर्चा करीत : दर काय पडला आणि दाराचें तोंड कोणत्या दिशेला आहे.

दिशेचा विचार करणाऱ्यांस मी हंसत नाहीं. परंतु ज्या शास्त्राचा आपण आधार घेतों तें शास्त्र तेवढ्यावर थांबत नाहीं, हें सांगणें मला माझें कर्तव्य वाटतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येचा अध्याय संपतांच जो अध्याय येतो त्याचें नांव दकार्गल. त्यांत भूमींतील पाणी कसें शोधावें याचें विवेचन आहे. त्याच्या पुढचा अध्याय वृक्षायुर्वेदाचा. म्हणजे घर, मग पाणी, मग झाडें, असा त्या प्राचीन आचार्याचा क्रम आहे. आपण पहिल्या अध्यायांतील दाराची दिशा तेवढी उचलली आणि पुढचें पान उलटण्याचे श्रम घेतले नाहींत.

तेव्हां प्रथम पाण्याविषयीं. पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत २०१७ सालीं ११ आणि २०२१ सालीं २३ गांवें समाविष्ट झालीं. वर सांगितलेलीं पांचही गांवें या दुसऱ्या यादींतलीं आहेत. हद्दीची रेघ एका आदेशानें पुढें सरकते. जलवाहिनी आणि मैलापाण्याचे नळ मात्र खणूनच पुढें न्यावे लागतात आणि त्यास वर्षें लागतात. म्हणून ‘ही जागा महापालिकेंत आहे’ या उत्तरावर समाधान मानूं नये. ‘नळाला महापालिकेचें पाणी आज येतें काय, आणि दिवसांतून किती वेळ’ असें विचारावें.

येथें थोडें गणित करूं. शहरी वस्तीस दर माणशीं दर दिवशीं १३५ लिटर पाणी हें आपल्या देशांत धरलें जाणारें प्रमाण आहे. पांच माणसांच्या कुटुंबास ६७५ लिटर झाले. दोनशें कुटुंबांच्या संकुलास १,३५,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज साडेतेरा टँकर! विंधनविहिरी उन्हाळ्यांत आटल्या म्हणजे हे टँकर फाटकाशीं उभे राहतात आणि त्यांचा खर्च मासिक वर्गणींतून प्रत्येकाच्या पदरीं येतो. जेथें सार्वजनिक पाणी पोंचलेलें नाहीं तेथें विकासकाकडून पाणी पुरविण्याचें हमीपत्र घेतलें जातें. त्या हमीपत्राची प्रत मागून घ्यावी आणि ती किती काळापुरती आहे हें वाचावें. शेजारच्या जुन्या संकुलाच्या चिटणिसांस भेटून गेल्या एप्रिल-मेमधील टँकरांचा खर्च विचारावा. विक्रेत्याच्या तासाभराच्या बोलण्याहून त्या एका आंकड्यांत अधिक सत्य असतें.

उन्हाळ्यांत पाणी नसतें, आणि पावसाळ्यांत नको तेथें येतें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्याला आलेल्या लोंढ्यानें कात्रज, सहकारनगर या भागांत माणसें, जनावरें आणि वाहनें वाहून नेलीं. २५ जुलै २०२४ रोजीं मुठेच्या पाण्यानें सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घरें बुडविलीं. ओढा उन्हाळ्यांत पाहिला तर तो गवताची एक खांच वाटतो. त्याच्या कडेला भिंत घालून वर बाग केलेली असली तर तेवढेंही वाटत नाहीं. परंतु पाणी आपली जुनी वाट विसरत नाहीं. नदीकांठच्या जागांसाठीं पूररेषा आंखलेल्या असतात : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची आणि तांबडी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. आपली इमारत या रेषांच्या आंत आहे कीं बाहेर, आणि विकास आराखड्यांत त्या गटावर किंवा शेजारच्या मोकळ्या गटावर रस्ता, शाळा, कचराप्रकल्प असें कांहीं दाखविलें आहे काय, हें नकाशा काढून पाहावें. गांवांतल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास ‘येथें पूर्वी काय पिकत होतें?’ असें सहज विचारावें. ‘येथें भात होत असे’ असें तो म्हणाला, तर जमिनींत पाणी साचतें हें आपण ओळखावें.

आतां कागदपत्रांकडे वळूं. या बाबतींत आजचा ग्राहक पूर्वीच्या ग्राहकाहून पुष्कळ सुखी आहे. २०१६ सालीं स्थावर संपदेविषयींचा कायदा झाला आणि २०१७ पासून महाराष्ट्रांत ‘महारेरा’ हें प्राधिकरण काम करूं लागलें. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची नोंदणी तेथें करावी लागते. नोंदणी क्रमांकावरून मंजूर नकाशे, न्यायालयीन वाद आणि घर पुरें करून देण्याची तारीख घरबसल्या पाहतां येते. करारनामा नोंदविल्यावांचून विकासकास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. किंमत चटईक्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावर, ठरली पाहिजे. त्यांत आंतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि गच्ची धरीत नाहींत. जाहिरातींतला फुगविलेला आंकडा बाजूस ठेवून हाच आंकडा मागावा. बांधकामांत मूलभूत दोष निघाला तर ताबा घेतल्यापासून पांच वर्षेंपर्यंत तो विकासकानें स्वखर्चानें दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

तरीही दोन गोष्टी आपल्या आपणच पाहाव्या. पहिली भोगवटा प्रमाणपत्र. ‘तें आठ दिवसांत मिळेल, आपण सामान आणावें’ असें कोणी म्हटलें तर सामान आणूं नये. आठ दिवसांचीं आठ वर्षें झालेलीं पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. दुसरी, इमारतीखालची जमीन सहकारी संस्थेच्या नांवें करून देण्याची, म्हणजे अभिहस्तांतरणाची, अट. जमिनीच्या मालकीचा शोध आपल्या स्वतःच्या वकिलाकडून करवावा. विकासकानें सुचविलेल्या वकिलाकडून करवूं नये. जातां जातां एक लाभाची गोष्ट : महाराष्ट्रांत घर स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्क्याची सवलत मिळते. सवलतीचा लाभ तर आहेच; पण घराच्या कागदावर गृहिणीचें नांव असणें हें मला सवलतीहून मोलाचें वाटतें.

कागद चोख आणि पाणी मुबलक असूनही घर माणसांस मानवेलच असें नाहीं. माझ्या परिचयाच्या एक वृद्ध बाई वाईस असतांना रोज पहाटे घाटावर जात, येतांना भाजी घेत, दुपारीं शेजारणींशीं बोलत. मुलानें त्यांस मोठ्या प्रेमानें नव्या उपनगरांत अकराव्या मजल्यावर आणलें. घर हवेशीर, सून सुस्वभावी, कशाची वाण नाहीं. परंतु फाटकाबाहेर पादचारी मार्ग नाहीं. समोर मालमोटारींचा रस्ता, आणि देऊळ अडीच मैलांवर. ‘येथें मला सर्व कांहीं मिळतें, फक्त मला कोठें जातां येत नाहीं’, असें त्या मला म्हणाल्या. त्यांत तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून तें वाक्य अधिक लागलें.

तेव्हां घर पसंत करण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. कुटुंबांतील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसास मोटारीवांचून, कोणाचा हात न धरतां, कोठें कोठें जातां येईल याची यादी करावी. दूध, भाजी, औषधें, वैद्य, शाळा, देऊळ, चार समवयस्कांची बैठक. या यादींत चार नांवें आलीं तर घर चांगलें. एकही न आलें तर तें कितीही प्रशस्त असो, त्या दोघांस तें कोंडवाडाच होय. लिफ्ट बंद पडल्यास जिना चढवेल काय, आणि रुग्णास आडवें निजवून लिफ्टमधून नेतां येईल काय, हेंही पाहावें.

एकत्र कुटुंबानें आणखी एक विचार करावा. सहा-सात माणसांनीं एका मोठ्या सदनिकेंत राहावें कीं एकाच मजल्यावर शेजारशेजारच्या दोन लहान सदनिका घ्याव्या? मला दुसरी योजना अधिक बरी वाटते. स्वयंपाकघर एक ठेवावें, देवघर एक ठेवावें, जेवणें एकत्र व्हावीं. पण रात्रीं सूनबाईंनीं काम करीत दिवा जाळला म्हणून सासऱ्यांची झोंप मोडूं नये. नव्या सदनिकांचीं स्वयंपाकघरें एका माणसाच्या मापाचीं असतात. दोघी जणी तेथें एकमेकींस धक्का न लागतां उभ्या राहूं शकतात कीं नाहीं, हें त्या दोघींनींच प्रत्यक्ष उभें राहून पाहावें. पुरुषांनीं नकाशावरून सांगूं नये.

या सर्वांचें सार मी एका सूचनेंत सांगतों. ज्या उपनगरांत घर घ्यावयाचें तेथेंच प्रथम अकरा महिने भाड्यानें राहावें, आणि त्यांत एक उन्हाळा व एक पावसाळा पुरता येईल असें करावें. वाडा विकण्याची घाई त्यापूर्वीं करूं नये. उन्हाळा पाणी शिकवील, पावसाळा जमीन शिकवील, आणि सोमवारची सकाळ रस्ता शिकवील. वडीलधाऱ्यांचें मन रमतें कीं नाहीं, हें तर दुसऱ्या कोणत्याही उपायानें कळणारें नाहीं.

‘भाडें फुकट जातें’ असा यावर आक्षेप येईल. त्याचें उत्तर गणितानेंच देतों. बांधकाम चालू असलेल्या साध्या सदनिकेवर एप्रिल २०१९ पासून पांच टक्के वस्तु व सेवा कर पडतो. स्वस्त घरांच्या व्याख्येंत बसणाऱ्या सदनिकेवर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर हा कर नाहीं. साठ लक्षांच्या घरावर पांच टक्के म्हणजे तीन लक्ष. महिना पंचवीस हजार भाडें धरलें तरी अकरा महिन्यांचे पावणेतीन लक्ष होतात. तयार घराचा दर कांहींसा अधिक असतो हें खरें; परंतु त्यांतील नळ उघडून पाहतां येतो, भिंतीची ओल हातानें चांचपतां येते, आणि घर मिळेपर्यंत भाडें व कर्जाचा हप्ता असा दुहेरी भार सोसावा लागत नाहीं. दर वाढतील हें भय विक्रेता दाखवीलच. पण वाढत्या उपनगरांत इमारतींचा तुटवडा नसतो. या वर्षीं ही गेली तर पुढच्या वर्षीं दुसरी उभी राहते.

अकरा महिन्यांच्या शेवटीं सर्वांनीं एकत्र बसावें आणि आजीआजोबांस प्रथम बोलूं द्यावें. त्यांस जागा मानवली असेल तर वकिलास बोलवावें. मानवली नसेल तर खर्च झालें तें अकरा महिन्यांचें भाडें. वाडा अजून जागेवर असतो.